निम्मा वाटा, पुरा हिशोब

भागीदारीत वाटा ठरवणे सोपे असते. कठीण असते ते दोन्ही बाजूंनी खरी वही ठेवणे. याचे मोठे उदाहरण अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आहे. तेथील वाटणी मासळीची आहे.

१८५४-५५ मध्ये तेथील आदिवासी जमातींनी तह करून जमीन सोडली, पण पूर्वापार जागी मासे धरण्याचा हक्क राखला. पुढे राज्याने तो जुमानला नाही. जाळी जप्त झाली, माणसे तुरुंगात गेली. अखेर १२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला: बीजापुरती मासळी सोडून जी धरता येईल, तिच्यात निम्म्यापर्यंत वाटा जमातींचा. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व उचलून धरले. १९९४ मध्ये खेकडे-शिंपल्यांनाही तोच न्याय लागला.

पण निम्मे कशाचे, हे नोंदीशिवाय कळणार कसे? जमातीचा मासेमार माल विकतो तेव्हा पावती होते. जात, वजन, धरल्याची जागा, खरेदीदार, सारे तिच्यावर येते. हौशी माणूस मासळी विकत नाही, म्हणून त्याची पावतीही नसते. त्याला कार्ड दिले जाते. सामन मासा किंवा डंजनेस खेकडा ठेवून घेतला की जागेवरच लिहायचे आणि मुदतीत कार्ड खात्याकडे पाठवायचे. काहीच मिळाले नाही, तरी निरंक कार्ड पाठवायचे. प्युजेट साउंडच्या खेकड्यांचे कार्ड चुकवल्यास पुढील परवान्याच्या वेळी १० डॉलर दंड बसतो.

निरंक कार्डाचा आग्रह कशासाठी? फक्त भरपूर मिळालेल्यांनीच कळवले, तर सरासरी फुगते आणि हंगाम विनाकारण लवकर बंद होऊ शकतो. उलट धरलेला माल लपवला, तर समोरच्याचा वाटा आणि पुढचे बीज, दोन्ही खाल्ले जाते. प्युजेट साउंडचा चिनूक सामन १९९९ पासून संरक्षित यादीत आहे. धरणे आणि बिघडलेल्या नद्या ही त्याची मोठी कारणे खरी. पण साठा जितका थोडा, तितकी मोजणीतील चूक महाग पडते.

व्यापारी बंधूंनी यातून एवढे घ्यावे. कुरआनच्या सूरह अल-बकरामध्ये (आयत २८२) मुदतीचा उधार व्यवहार, लहान असो वा मोठा, लिहिण्यास कंटाळू नये अशी ताकीद आहे. विक्री झाली नाही, त्या दिवसाचे पानही वहीत असावे. भागीदाराचा विश्वास त्याच पानावर टिकतो.