दोन छायाचित्रांच्या मधला अधिकारी

बीड ते अहिल्यानगर ही रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे औचित्य साधून, धावू लागली. ज्या लोहमार्गाची वाट पाहता पाहता दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या, त्याविषयी कांदा, कापूस आणि बाजारपेठ यांच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तेथे चिलखती दलाचे केंद्र आहे आणि त्या केंद्रात 'फामागुस्टा' नावाचा एक रणगाडा जतन करून ठेवलेला आहे. हा रणगाडा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा. जन्म पुण्याचा, शिक्षण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, पलटण पूना हॉर्स. अधिकारी होऊन त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते. त्या वेळच्या अहमदनगरात तरुण अधिकाऱ्यांसाठीचे प्रशिक्षण चालू असतानाच त्यांना युद्धाचे बोलावणे आले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत रणगाडा पेटल्यावर तो सोडण्याची आज्ञा झाली. तेव्हा तोफ अजून चालते आहे, असे बिनतारी यंत्रावरून कळवून ते तेथेच लढत राहिले. वय एकवीस वर्षे. परमवीरचक्र त्यांच्या पश्चात जाहीर झाले.

आष्टी तालुक्याची हद्द ज्या जिल्ह्याला लागते तेथे हा रणगाडा उभा आहे. तथापि बीडच्या शाळांतील किती मुलांना हे ठाऊक असेल, याचा अंदाज बांधण्याचे धाडस होत नाही.

सातारा जिल्ह्यात सैन्य हा घरचा विषय आहे. तेथे आजोबा, चुलते, मामा यांपैकी कोणी ना कोणी पलटणीत होऊन गेलेले असते. सुट्टीवर आलेला माणूस ओसरीवर बसलेला दिसतो. त्याचे दुखणे, त्याची बढती, त्याचा वरिष्ठांवरील राग, सारेच गावाला ठाऊक असते. बीडचे तसे नाही. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इंग्रजी अमदानीत सातारा, कोल्हापूर, कोकण या भागांत सैन्यभरतीची जी परंपरा रुजली, ती येथे तशी रुजली नाही. स्वातंत्र्यानंतर जवान येथूनही गेले आणि जात आहेत. परंतु अधिकारी हा येथील बहुसंख्य घरांनी जवळून न पाहिलेला माणूस आहे. ज्या माणसाला आपण जवळून पाहिलेले नसते, त्याचे चित्र आपण दुसऱ्याकडून घेतो. म्हणून वृत्तपत्रे, चित्रपट आणि वाहिन्या तरुण अधिकाऱ्याला कसे रंगवतात, हा प्रश्न साताऱ्यापेक्षा बीडमध्ये अधिक महत्त्वाचा ठरतो. तेथे चित्र चुकले तर ओसरीवरचा मामा दुरुस्त करतो. येथे दुरुस्त करणारे कोणी नाही.

आणि आम्ही वृत्तपत्रवाले चित्रे देतो ती दोनच. पहिले दीक्षांत संचलनाचे: टोप्या आकाशात उडालेल्या आणि नऊवारीतील आई मुलाच्या खांद्यावर तारा लावते आहे. मुलगा ऊसतोड मजुराचा असेल तर मथळा आपोआप तयार होतो. दुसरे छायाचित्र तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीचे. या दोहोंच्या मध्ये तो अधिकारी पाच, दहा, वीस वर्षे काय करीत होता, यावर आमच्याकडे एक ओळही नसते. शंभर-सव्वाशे माणसांच्या कंपनीचा भार पंचविशी-तिशीतल्या तरुणाने वाहायचा असतो. त्यांचे शिधापाणी, त्यांच्या रजा, गावाकडच्या जमिनीच्या तंट्यांविषयी त्यांनी लिहिलेले अर्ज, बर्फात बोटे गमावण्याचा धोका आणि प्रत्येक काडतुसाचा हिशेब हे सारे त्याच्याकडे असते. आपल्याहून वयाने मोठ्या सुभेदाराचा मान राखून त्याला आज्ञाही द्यायची असते. यात मथळा नाही, हे मान्य. पण अधिकारीपण यातच आहे.

यासंदर्भात सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. कारवारजवळच्या चेंडियाचे हे गृहस्थ बॉम्बे सॅपर्समधले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या आपल्या रणगाड्यांच्या वाटेत शत्रूने भूसुरुंग पेरले होते आणि झाडे पाडून रस्ता अडवला होता. पहिल्याच दिवशी उखळी तोफांच्या माऱ्यात राणे यांच्या तुकडीतील दोघे ठार आणि ते स्वतः धरून पाच जण जखमी झाले. तशा स्थितीत ८ ते ११ एप्रिल असे चार दिवस हा माणूस सुरुंग काढीत आणि वळणरस्ते तयार करीत राहिला. गोळ्यांच्या वर्षावात रस्ता बांधणे हे त्यांचे शौर्य. परमवीरचक्र स्वतःच्या हाती घेण्याचे भाग्य लाभलेल्या मोजक्यांपैकी ते एक. १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ पर्यंत हयात होते. म्हणजे त्यांना भेटून, प्रश्न विचारून लिहायला महाराष्ट्राच्या वृत्तपत्रसृष्टीला सेहेचाळीस वर्षे मिळाली होती. त्या मानाने किती लिहिले गेले? जिवंत वीराचे काय करावे, हे आपल्याला कळत नाही.

दूरचित्रवाणी आल्यापासून तर घाई अधिकच वाढली. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो साऱ्या देशाने घरबसल्या पाहिले. अतिरेक्यांचे सूत्रधारही तेच पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाब खटल्याच्या निकालात या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले आणि २०१५ मध्ये अशा कारवायांच्या थेट प्रक्षेपणावर नियमाने बंदी आली. त्याच हल्ल्यात ताजमहाल हॉटेलात मेजर संदीप उन्नीकृष्णन यांना वीरमरण आले. त्यांचे छायाचित्र ज्या पडद्यावर पुढे वर्षानुवर्षे फुलांच्या हारासह दिसत राहिले, त्याच पडद्याने त्यांच्या सहकाऱ्यांच्या हालचाली शत्रूला दाखवल्या होत्या, ही विसंगती आपण फार सहज गिळली. मे २०२५ मध्ये पाकिस्तानबरोबर संघर्ष पेटला, तेव्हा कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह या दोन अधिकारी स्त्रिया मोजक्या, थंड शब्दांत घडले तेवढे सांगत होत्या आणि त्याच दिवसांत काही वाहिन्या न घडलेले विजय रात्रभर साजरे करीत होत्या. गणवेशातली माणसे संयमाने बोलत होती. आवेश चढला होता तो स्टुडिओत बसलेल्यांना.

आदराची खरी परीक्षा मृत्यूनंतर, घरच्यांच्या वाट्याला काय येते यावर होते. लेफ्टनंट विनय नरवाल हे नौदलातील सव्वीस वर्षांचे अधिकारी २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे मारले गेले; लग्नाला आठवडाही उलटला नव्हता. मृतदेहाशेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीचे छायाचित्र देशभर फिरले. पाठोपाठ त्या दोघांची अखेरची चित्रफीत म्हणून भलत्याच एका दांपत्याची चित्रफीत पसरली. त्या दांपत्याला आपण जिवंत असल्याचा खुलासा करावा लागला. पुढे त्याच पत्नीने मुसलमानांवर आणि काश्मिरींवर राग काढू नका, शांतता आणि न्याय हवा, एवढेच म्हटले. तर कालपर्यंत तिच्यासाठी अश्रू ढाळणाऱ्यांतील अनेकांनी तिला शिव्यांची लाखोली वाहिली. राष्ट्रीय महिला आयोगाला त्याचा निषेध करावा लागला. कॅप्टन अंशुमन सिंह यांचे मरणोत्तर कीर्तिचक्र जुलै २०२४ मध्ये स्वीकारणाऱ्या त्यांच्या पत्नीच्या वाट्यालाही असेच विकृत शेरे आले आणि सासू-सासऱ्यांशी असलेला घरगुती मतभेद वाहिन्यांनी चवीने चघळला. आपला आदर छायाचित्रातल्या स्त्रीने मूक राहावे, एवढ्या अटीवर असतो काय?

'शहीद' या शब्दाचेच पाहा. आपल्याकडे त्यावाचून बातमी पूर्ण होत नाही. वस्तुतः सशस्त्र दलांत हा शब्द वापरला जात नाही, असे सरकारने २०२२ मध्ये संसदेत सांगितले आहे. 'धारातीर्थी पडणे' हा आपला जुना शब्दप्रयोग अधिक नेमका होता. त्यात तलवारीची धार होती, कर्तव्यावरचे मरण होते.

बीडचे चित्रही बाहेर असेच ठरलेले आहे. पूर्वी दुष्काळ आणि ऊसतोड. डिसेंबर २०२४ मधील मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर त्यात कमरेच्या पिस्तुलाची भर पडली. चित्र अतिरंजित असेल, पण निराधार नाही. जिल्हा प्रशासनाला २०२५ मध्ये मोठ्या संख्येने शस्त्रपरवाने रद्द करावे लागले, ही वस्तुस्थिती आहे. मोबाइलवर शस्त्र मिरवणाऱ्या तरुणाला या जिल्ह्यात काही काळ तरी प्रतिष्ठा मिळाली. याच जिल्ह्याच्या रस्त्यांवर भल्या पहाटे, अंगावर बनियन आणि पायांत स्वस्त बूट घालून, भरतीसाठी धावणारी मुलेही दिसतात. शस्त्र दोघांनाही हवे आहे. एकाच्या शस्त्राचा जाब कोणी विचारीत नाही, दुसऱ्याला गोळीगणिक जाब द्यावा लागणार आहे. हा फरक सोळा वर्षांच्या मुलाला दिसावा असे आम्ही काय छापतो? पिस्तूलवाल्याची बातमी पहिल्या पानावर, आणि धावणाऱ्याची त्याची निवड झाल्यावर आतल्या पानावर.

धावणाऱ्या या मुलांपैकी बहुतेकांना अग्निवीर व्हायचे असते. चार वर्षांची नोकरी आणि त्यानंतर फार तर चौथ्या हिश्शाला कायम जागा, हा २०२२ पासूनचा नियम त्यांना तोंडपाठ असतो. परंतु बारावीत असतानाच प्रबोधिनीची परीक्षा देता येते, ती वर्षातून दोनदा होते, पुढचे शिक्षण सरकारी खर्चाने होते, २०२२ पासून मुलींनाही तेथे प्रवेश आहे, याची माहिती वाड्या-तांड्यांपर्यंत क्वचितच पोहोचते. या तयारीसाठी राज्य सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. ती बीडहून फार दूर नाही. दुसरीकडे, मेजर आणि कॅप्टन या दोनच हुद्द्यांची मिळून साडेसहा हजारांहून अधिक पदे सैन्यात रिक्त असल्याचे सरकारने २०२३ मध्ये राज्यसभेत सांगितले होते.

अधिकारी निवडीच्या पाच दिवसांच्या मुलाखतीत पहिल्याच दिवशी उमेदवाराला एक अस्पष्ट चित्र अर्धा मिनिट दाखवतात आणि त्यावरून गोष्ट लिहायला सांगतात. वाहिन्यांवर वाढलेला मुलगा त्यात सूड, स्फोट आणि झेंडा लिहिण्याचा संभव अधिक. परीक्षकांना मात्र पाहायचे असते ते हे, की अडचणीत सापडलेल्या चार माणसांना या मुलाने कसे एकत्र आणले, दोर कोठून मिळवला, जखमीला आधी हलवले की नाही.

बीडहून आता गाडी सुटते. एखाद्या शाळेने आठवी-नववीची मुले अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात नेली, तर तिकिटाला फारसे पैसे पडणार नाहीत. बरोबर जिल्ह्यातील एखाद्या निवृत्त सुभेदाराला घ्यावे, आणि शक्य असल्यास आमच्या धंद्यातील एखाद्या वार्ताहरालाही. मुलांना तेथे रणगाड्याच्या आत किती जागा असते ते पाहता येईल.