आंब्यावरचा क्रमांक



सोसायटीत संगणक आणायचा विषय निघाला, की सभेत दोन तट पडतात. एक म्हणतो, "जग पुढे गेले, आपणही घेऊ." दुसरा म्हणतो, "इतकी वर्षे वहीवर भागले, आताच काय अडले?" हा दुसरा प्रश्नच मोलाचा आहे. काय अडले ते ज्या संस्थेला नेमके ठाऊक असते, तिथेच नवी पद्धत रुजते.

जामसंड्याचे उदाहरण

देवगडजवळच्या जामसंडे गावी देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था आहे. देवगड हापूसचे नाव मोठे, म्हणून त्या नावावर परप्रांतीचा आंबाही खपवला जातो. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. कायद्याने नाव राखले; पण मुंबईच्या गिऱ्हाइकाने पेटीतले फळ ओळखावे कसे? इथे घोडे अडले होते.

म्हणून २०२५ च्या हंगामात संस्थेने फळावर क्रमांकाचा स्टिकर लावण्याची पद्धत आणली. एक क्रमांक वर दिसतो, दुसरा आत दडलेला असतो. गिऱ्हाइकाने स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, की दडलेला क्रमांक विचारला जातो. तो जुळला, म्हणजे आंबा खरा.

यातली खरी मेख पुढेच आहे. बागायतदाराला स्टिकर मिळतात ते त्याच्या कलमांच्या हिशेबाने. ते हवे तितके मिळाले असते, तर बाहेरचा आंबाही देवगडचा झाला असता! संगणक फक्त जुळवून पाहतो. कलमे किती, हे खरे सांगायचे काम माणसाचेच.

शेजाऱ्याचे शेत पाहून

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला, याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस यांनी १९४३ साली प्रसिद्ध केला. बियाण्याची खबर अनेकांना विक्रेत्याकडून लागली, पण मन वळले ते शेजाऱ्याचा अनुभव पाहून. तोही आधी थोड्या रानात पेरून! पुढे १९८९ साली फ्रेड डेव्हिस यांनी संगणकाबाबत दोन गोष्टी मांडल्या: उपयोग पटला पाहिजे आणि वापर सोपा वाटला पाहिजे.

सभेत एवढे विचारा

केंद्र सरकारने २०२२ साली देशातल्या ६३,००० विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. वरून आलेले यंत्र टेबलावर बसते. कामाला लावायचे ते सभासदांनी. तेव्हा विचारा: आपली कोणती अडचण यातून सुटेल? शेजारच्या गावी ते कसे चालले आहे? खर्च कोण सोसणार? सचिव बदलला तर पुढे कोण चालवील? आणि वाढीव काम कोणाच्या हातावर पडेल? फळाफळाला स्टिकर लावायचे काम घरच्या बायकांकडे येणार असेल, तर आधी त्यांचे मत घ्या.

उत्तरे पटली, तर हात वर करा. नाही पटली, तर पुन्हा विचारा. सोसायटी आपलीच आहे.