पुढचं पान मागणारा माणूस

व्याख्यानमालेत भाषण संपलं, की आभारप्रदर्शनाआधी एक प्रश्न हमखास येतो : ‘तुम्हाला लिहिण्याचं प्रोत्साहन कुणी दिलं?’ बँकेतला माणूस कादंबरीकार झाला म्हणजे मागे कुणीतरी बडी असामी असणार, असा लोकांचा समज. माझ्या मागे अशी असामी नव्हती. पण विचारणाऱ्याच्या कपाटात बहुधा एखादी वही दडलेली असते. त्यामुळे या प्रश्नाची बोळवण करणं मला कधी जमलेलं नाही.

आपल्याकडे प्रोत्साहन म्हणजे कौतुक, अशी एक समजूत आहे. शाळेत पहिल्या तिघांनंतर ‘उत्तेजनार्थ’ बक्षीस देतात, त्याच चालीवर. कौतुक कुणाला नको असतं? पण नुसत्या कौतुकावर दुसरं पान लिहून झाल्याचं मी पाहिलेलं नाही. हल्ली मोबाइलवर चार ओळी टाकल्या की अर्ध्या मिनिटात पन्नास अंगठे येतात. बँकेत उभा जन्म अंगठे पाहण्यात गेला, म्हणून सांगतो : अंगठा उठवणाऱ्याने कागद वाचलेला असतोच असं नाही!

मग खरं प्रोत्साहन कशाला म्हणायचं? खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरचं आणि शेतातलं काम करता करता त्या ओव्या रचत. त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव आणि एक नातेवाईक यांनी त्यातल्या काही लिहून ठेवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. घरातल्या कुणाला ते शब्द टिपून ठेवावेसे वाटले नसते, तर मराठीतला एवढा मोठा ठेवा जात्याच्या घरघरीतच विरून गेला असता. आईचे शब्द कान देऊन ऐकणं आणि कागदावर उतरवणं, एवढंच त्या घराने केलं. तेवढं पुरलं.

दुसरं उदाहरण आमच्या जातभाईचं, म्हणजे बँकवाल्याचं. कवी टी. एस. एलियट १९१७ ते १९२५ अशी आठ वर्षं लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरीला होता. एवढ्या गुणी कवीने खातेवह्यांत डोकं घालावं, हे त्याचा मित्र एझरा पाउंड याला बघवेना. १९२२ मध्ये त्याने एलियटला नोकरीतून सोडवण्यासाठी वर्गणी जमवायचा घाट घातला. ती योजना बारगळली. एलियटलाही तिचा संकोचच वाटला. पण त्याआधी पाउंडने एक काम केलं होतं. ‘द वेस्ट लँड’ या कवितेचं हस्तलिखित त्याने ओळीओळीने वाचलं आणि काटछाट करून ते जवळजवळ निम्म्यावर आणलं. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कवितेने एलियटचं नाव जगभर झालं. पुढे एलियटने ती पाउंडलाच अर्पण केली. वर्गणीचा उपयोग झाला नाही, पेन्सिलीचा झाला.

मराठीत असं पेन्सिलीचं काम श्री. पु. भागवतांनी केलं. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडलं. पण लेखकाबरोबर बसून एकेका कथेचा कीस पाडण्याची त्यांची रीत जुने लेखक अजून सांगतात.

आता माझं सांगतो. वडिलांचं मत स्पष्ट होतं : ‘लिहून पोट भरत नाही.’ हिशेब पाहिला तर ते खरंच आहे. समजा, तीनशे रुपयांच्या कादंबरीच्या पाचशे प्रती तीन वर्षांत खपल्या आणि मानधन दहा टक्के, तर हाती येतात पंधरा हजार. महिन्याला सव्वाचारशेच्या आतच. या तारणावर कोणतीही बँक कर्ज देणार नाही. म्हणून मी बँकेत लागलो आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही.

ऐंशीच्या दशकात एका दुष्काळी तालुक्यातल्या शाखेत होतो. विहिरीसाठी कर्ज घेतलेल्या एका म्हाताऱ्यावर कथा लिहिली. विहिरीला पाणी लागत नाही आणि हप्ता मात्र सुरू होतो, अशी ती गोष्ट. एका दिवाळी अंकात ती छापून आली. शाखेत पेढे वाटले, सहकाऱ्यांनी पाठ थोपटली. आमच्या शाखेतले शिपाई, त्यांना सगळे मामा म्हणत, अंक घरी घेऊन गेले. चार दिवसांनी परत देताना म्हणाले, ‘‘साहेब, म्हातारा बँकेतून निघाला, तिथं तुमची गोष्ट संपली. पण घरी जाऊन त्यानं म्हातारीला काय सांगितलं?’’

मी म्हटलं, ‘‘मामा, ते वाचकानं समजून घ्यायचं.’’

‘‘मला नाही समजलं. तुम्हाला माहीत असंल तर लिहा की.’’

मला माहीत नव्हतं. तेच शोधायला मी बसलो आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला अकरा वर्षं लागली. तीच माझी पहिली कादंबरी. तोवर मामा निवृत्त होऊन गावी गेले होते. पुस्तक पोस्टाने पाठवलं. आठ दिवसांत कार्ड आलं, त्यावर एकच ओळ : ‘आता कळालं.’ पुढे काही पुरस्कार मिळाले, त्यांची मानचिन्हं दिवाणखान्यात आहेत. ते कार्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे.

२००० साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. मित्र म्हणाले, ‘घे आणि लिहीत बस.’ मोह झाला. सौभाग्यवतींनी शांतपणे विचारलं, ‘‘घरी बसून लिहाल कशावर? तुमची माणसं तर काउंटरवर येतात.’’ मी राहिलो, २०१९ मध्ये वयाच्या साठाव्या वर्षी रीतसर निवृत्त झालो. मधल्या काळात पहाटे पाच ते साडेसहा ही वेळ तिने राखली. त्या वेळात घरात मिक्सर लागत नसे, पाहुण्यांनाही चहा साडेसहानंतरच मिळे. माझं लिखाण ती छापून आल्यावरच वाचते आणि फारसं बोलतही नाही. पण तो दीड तास तिने कुणालाही दिला नाही, मलासुद्धा. ‘आज राहू दे’ म्हणालो, तरी टेबलावरचा दिवा लावून जायची.

म्हणून वही घेऊन येणाऱ्यांना मी सांगतो, नामवंतांच्या प्रस्तावनेमागे धावू नका. तुमचं लिखाण शेवटपर्यंत वाचणारं एक माणूस शोधा. ते ग्रंथालयात भेटेल, कचेरीत भेटेल, कदाचित शेजारच्या खोलीतच असेल. त्याला वाङ्मयातलं कळलं पाहिजे असं नाही. ‘हे मला समजलं नाही’ म्हणण्याइतका प्रामाणिकपणा हवा.

आणि ज्यांच्या घरात कुणी लिहितं, मग ती नववीतली मुलगी असो की सत्तरीतले आजोबा, त्यांना एक विनंती. ‘छान आहे’ म्हणून वही मिटू नका. शेवटच्या पानापर्यंत जा आणि विचारा, ‘‘पुढं काय झालं?’’