बंद घर उघडताना आधी पाणी पाहा

अनेक महिने कुलूप लावलेल्या घरात पाऊल टाकताच माणूस नळ सोडतो. पण टाकीत आणि पाइपात साठून राहिलेले पाणी आजाराचे घर होऊ शकते. थोडी काळजी आणि अर्ध्या दिवसाचे काम यांनी हा धोका टळतो.

तमिळनाडूत कुंभकोणमपासून पाच-सहा किलोमीटरवर तिरुनागेश्वरम् हे गाव आहे. नागनाथस्वामींच्या देवळातील राहूच्या दर्शनासाठी येथे दूरदूरचे भाविक येतात. जवळच ओप्पिलियप्पन पेरुमाळांचे देऊळ आहे. तेथील नैवेद्यात मीठ घालत नाहीत. त्या देवळाच्या तलावाचे नावच अहोरात्र पुष्करिणी. त्यात दिवसा किंवा रात्री केव्हाही स्नान करता येते, अशी प्रथा आहे.

या भागाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. राज्य गेले तरी मराठी घराणी कावेरीकाठी राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमचाच. आजही तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे या पट्ट्यात आहेत.

मात्र येथील तरुण पिढी चेन्नई, बंगळुरू किंवा परदेशात गेली, की वाडवडिलांच्या घराला कुलूप लागते. पुढे अंगण, मागे विहीर आणि गच्चीवर टाकी असलेली ही घरे उत्सवाला, लग्नकार्याला किंवा सुट्टीत उघडतात. कोकणात गणपतीसाठी उघडणाऱ्या चाकरमान्यांच्या घरांची गोष्टही याहून वेगळी नाही. केर काढला जातो, जळमटे झाडली जातात, अंथरुणे उन्हात टाकली जातात. पाण्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही.

कावेरीकडून शिकण्यासारखे

या प्रदेशातील शेतीला पाणी मिळते ते मेट्टूर धरणातून. १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचे दरवाजे प्रथेप्रमाणे १२ जूनला उघडतात आणि २८ जानेवारीला बंद होतात. पाऊस कमी झाला, की तारीख पुढे-मागे होते. मधल्या साडेचार महिन्यांत कालवे कोरडे पडतात, त्यांत गाळ बसतो, झुडपे वाढतात. म्हणून पाणी सोडण्याआधी गाळ उपसून वाट मोकळी करावी लागते. गावकऱ्यांनी एकत्र येऊन हे काम करण्याच्या जुन्या रीतीला 'कुडिमरामत्तु' म्हणतात. राज्य सरकारने २०१७ मध्ये ती योजनेच्या रूपाने पुन्हा सुरू केली.

कुंभकोणमचा महामहम् तलावही असाच. दर बारा वर्षांनी येथे लाखो लोक स्नानाला येतात. यापूर्वीचा महामहम् २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये येईल. पर्वणीच्या आधी तलाव रिकामा करून स्वच्छ करतात आणि मगच नवे पाणी भरतात. घरच्या टाकीलाही हाच नियम लागू आहे. जुने पाणी पूर्ण बाहेर गेल्याशिवाय नवे आत घेऊ नये.

साठलेल्या पाण्यात काय होते?

नगरपालिकेच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असतो, पण पाणी साठून राहिले, की काही दिवसांतच तो नाहीसा होतो. मग टाकीच्या आणि पाइपाच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरतो व त्यात जंतू वाढतात. लोखंडी पाइपाला गंज चढतो. पाण्याला लाल रंग आणि वास येतो. असे पाणी पोटात गेल्यास जुलाब, उलट्या होतात आणि त्याचा पहिला फटका लहान मुलांना बसतो.

टाकीचे झाकण नीट बसलेले नसेल, तर डास शिरतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास टाकीच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीलगत अंडी घालतो. पाणी आटले तरी ही अंडी कोरडी अवस्थेत अनेक महिने जिवंत राहतात आणि टाकी भरली, की त्यांतून अळ्या निघतात. त्यामुळे नुसती टाकी ओतून भागत नाही, तिच्या भिंती घासाव्याच लागतात.

तिसरा धोका फारसा कुणाला ठाऊक नसतो. १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका संमेलनाला आलेल्या लोकांना न्यूमोनियासारखा आजार झाला. त्यातून 'लेजिओनेला' या जंतूचा शोध लागला. कोमट, साठलेल्या पाण्यात तो वाढतो आणि पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर श्वासातून फुप्फुसात जातो. वयस्क माणसे व धूम्रपान करणारे यांना त्याचा धोका अधिक. म्हणून बंद घरात आल्या आल्या शॉवरखाली उभे राहणे योग्य नाही.

कामाचा क्रम

सर्वप्रथम विजेचा मुख्य स्विच आणि पाण्याचा मुख्य कॉक बंद आहेत याची खात्री करावी. टाकीतील सर्व पाणी खालच्या कॉकमधून सोडून द्यावे. तळाचा गाळ काढून आतील भिंती ताठ ब्रशने घासाव्यात, धुवाव्यात आणि तेही पाणी काढून टाकावे. झाकण आणि बाहेर पडणाऱ्या पाइपाची जाळी तपासावी. फाटकी जाळी त्याच दिवशी बदलावी.

नंतर घरातील सगळे नळ उघडे ठेवून मुख्य कॉक हळूहळू फिरवावा. एकदम सोडला, तर पाइपातील हवा धडधडते आणि जुने सांधे निसटतात. पाणी येऊ लागले, की एकेक नळ बंद करत जावे. रबरी वॉशर कोरडे पडून चिरलेले असतात, त्यामुळे गळती कुठे आहे हे याच वेळी कळते. सुरुवातीचे लाल, गढूळ पाणी स्वयंपाकाला किंवा पिण्याला वापरू नये.

औषध किती घालावे?

धुतलेल्या टाकीत हजार लिटर पाणी भरावे. पाच टक्क्यांचे, बिनवासाचे द्रव ब्लीच असेल, तर त्यात एक लिटर घालावे. ब्लीचिंग पावडर असेल, तर ताजी १५० ग्रॅम पुरते. डबा जुना असेल, तर २०० ग्रॅम घ्यावी, कारण उघड्या पावडरीचा जोर कमी होत जातो. पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणीच टाकीत ओतावे.

आता प्रत्येक नळ ब्लीचचा वास येईपर्यंत सोडून बंद करावा. स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास, अंगण, एकही नळ विसरू नये. चार तास पाणी तसेच राहू द्यावे. नंतर सारे सोडून टाकी पुन्हा भरावी आणि वास जाईपर्यंत नळ वाहू द्यावेत. हे पाणी झाडांना घालू नये, विहिरीतही जाऊ देऊ नये.

हे करताना हातात रबरी मोजे असावेत, खिडक्या उघड्या असाव्यात. ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो. तुरटीने पाणी निवळते, पण जंतू मरत नाहीत. तेव्हा तुरटी फिरवली म्हणून निश्चिंत राहू नये. पहिले एक-दोन दिवस पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते.

गीझर, शॉवर आणि फिल्टर

टाकीत ब्लीच घालण्यापूर्वी फिल्टरची जोडणी बंद करावी, कारण आरओ यंत्रातील पडदा क्लोरीनने खराब होतो. फिल्टरमधील जुनी कांडी किंवा काडतूस धुऊन वापरण्यापेक्षा नवे घालणे बरे. साठलेल्या ओलाव्यात तेच जंतूंचे घर बनते.

गीझर भरल्याशिवाय विजेचे बटण दाबू नये. आतली कॉइल कोरडी तापली, की जळते. गरम पाण्याच्या नळातून सलग धार आली, म्हणजे गीझर भरला असे समजावे. मग पाणी ६० अंशांच्या वर तापवून ते काही वेळ तसेच ठेवावे. शॉवरची चाळणी काढून क्षार घासून टाकावेत. ती परत बसवल्यावर खिडकी उघडावी, गरम पाणी सोडावे आणि काही मिनिटे बाहेर थांबावे.

विहीर आणि हौद

परसातील विहीर बराच काळ वापरात नसेल, तर पंप लावून ती उपसावी. नवे पाणी आल्यावर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घालावी. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने व नंतर ७८५ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे लिटर. दोन मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे ९,४०० लिटर पाणी असते. तिला २४ ग्रॅम पावडर पुरेशी होते. औषध रात्री घालावे आणि पाणी सकाळी काढावे. निदान एक तास तरी थांबलेच पाहिजे.

विहिरीत किंवा जमिनीखालच्या हौदात मात्र स्वतः उतरू नये. बंद जागेत प्राणवायू कमी झालेला असतो, कुजलेल्या गाळातून विषारी वायूही साठतात. उतरलेला माणूस क्षणात कोसळतो. त्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच राहतो. एकाच घरातील दोघे-तिघे असे गेल्याच्या बातम्या वारंवार येतात. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाही. काही विषारी वायूंत दिवा जळत राहतो, आणि ज्वालाग्राही वायू असला तर स्फोट होऊ शकतो. हे काम साधने असलेल्या माहीतगारांकडूनच करून घ्यावे.

चाकांवरचे घर

थंड देशांत मोटारीमागे जोडून न्यायच्या फिरत्या घरांचे मालक हेच काम दर वसंतात करतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि पाइप फोडते. म्हणून हिवाळ्याआधी ते पाणी काढून त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल असलेला न गोठणारा द्रव भरतात. मोटारीच्या रेडिएटरमधला द्रव विषारी असल्याने तो येथे चालत नाही. वसंतात हा द्रव धुऊन काढतात, टाकीत ब्लीच फिरवतात आणि मगच प्रवासाला निघतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, पण पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी याच क्रमाने धुवायला हवी. टाकी ५० लिटरची असेल, तर ५० मिलिलिटर ब्लीच पुरे.

निघण्याच्या दिवशी

खरे तर पुढच्या खेपेचे निम्मे काम घर बंद करतानाच होते. मुख्य कॉक बंद करावा. टाकी, गीझर आणि पाइप रिकामे करावेत. गीझरचे बटण बंद असल्याची खात्री करावी. टाकी पुसून झाकण घट्ट बसवावे. विहिरीवर जाळी टाकावी. फिल्टरची कांडी काढून ठेवावी. आवराआवरीच्या घाईत या कामांना तासभर लागतो. पण वर्षाने आजी-आजोबांच्या घरी धावत आलेले मूल पहिला पेला तोंडाला लावते, तेव्हा तो तास सत्कारणी लागलेला असतो.