रस्ता अरुंद, म्हणून गेम मंद!

लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडलं, आईबाबांचे पैसे खर्च झाले, तरी गेम अडखळतोच! मग काय, कार्डच खराब? थांबा, घाई करू नका.

कार्ड कितीही ताकदवान असो, त्याच्यापर्यंत जाणारा रस्ताही रुंद हवा. डेस्कटॉप संगणकात कार्डाला सहसा १६ पदरी रस्ता मिळतो. २०१५ साली आलेल्या थंडरबोल्ट ३ केबलमधून मिळतात फार तर ४ पदर. त्यात तुम्ही लॅपटॉपच्याच पडद्यावर खेळलात, तर कार्डाने तयार केलेलं चित्र त्याच केबलमधून परत येतं. मग गर्दी होणारच!

घरात वेगळा मॉनिटर असेल, तर तो थेट कार्डाला जोडून पाहा. केबल थंडरबोल्टचीच आहे ना, तेही तपासा. साधी यूएसबी-सी केबल दिसायला अगदी तशीच असते. तरीही गेम अडला, तर लॅपटॉप तापून प्रोसेसर मंदावला असेल. चार्जर लावा, खालून हवा खेळू द्या. मात्र एका वेळी एकच बदल करा आणि काय फरक पडला ते वहीत लिहा.

आधी दुखणं शोधा, मग औषध. नवं कार्ड मागायची वेळ कदाचित येणारही नाही!