मोठ्या गाडीच्या चाकाचा तोल

१ जून १९४८ रोजी पुणे आणि नगर यांच्या दरम्यान एस. टी.ची पहिली गाडी धावली. ती पाहायला वाटेवरच्या गावांत माणसे जमली होती, असे सांगतात. त्यानंतर किती पिढ्यांनी एस. टी.ने प्रवास केला याची गणतीच नाही! पण ज्या सहा चाकांच्या भरवशावर आपण मुलाबाळांसह निर्धास्तपणे डुलक्या घेतो, त्या चाकांचा विचार आपल्यापैकी कितीजण करतात बरे?

चाक गोल असले म्हणजे झाले, अशी आपली समजूत असते. परंतु गोल असणे निराळे आणि तोलात असणे निराळे. कपडे धुण्याच्या यंत्रात ओली चादर एका बाजूला गोळा झाली, की पिळताना ते यंत्र कसे थडथडते हे गृहिणींना ठाऊक आहेच. चाकाचाही तोच प्रकार होतो. टायर घडवताना रबर कुठे किंचित जाड राहते, तर कुठे पातळ. झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवतानाही असा फरक पडू शकतो.

बसच्या टायरचा व्यास सुमारे एक मीटर असतो. त्याच्या बाहेरच्या कडेला एका ठिकाणी फक्त १०० ग्रॅम, म्हणजे साबणाच्या एका वडीएवढे वजन जास्त आहे असे समजू या. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली असता हे वजन चाकाला सुमारे अडीच किलोच्या जोराने बाहेर ओढते. वेग दुप्पट झाला तर ही ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. ताशी ८० किलोमीटरला ती सुमारे दहा किलोंवर जाते! शिवाय ती चाकाबरोबर फिरत असल्याने सेकंदाला जवळजवळ सात वेळा चाक वर उचलू पाहते आणि तितक्याच वेळा खाली दाबते. म्हणूनच बेताच्या वेगात जो दोष कुणाच्या ध्यानात येत नाही, तो रुंद, गुळगुळीत रस्त्यावर उघडा पडतो.

पुढचे चाक असे बिघडले तर स्टिअरिंग थरथरते आणि चालकाचे हात भरून येतात. मागचे बिघडले तर बाके व खालचा पत्रा थरथरतो. बेअरिंगे लवकर झिजतात. टायरवर चट्टे पडतात, त्या चट्ट्यांनी तोल आणखी जातो, आणि रस्त्यावरची पकड ढिली होते. गाडीत चाळीस-पन्नास माणसे असताना ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येईल काय?

उपाय मात्र सोपा आहे. चाक मोकळे फिरवून सोडले, की जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते; ही झाली ढोबळ परीक्षा. यंत्रावर चाक वेगाने फिरवले, की रिमच्या कोणत्या कडेला, कोठे आणि किती वजन हवे ते कळते. मोठा टायर रुंद असल्याने तो आडवाही डुलतो. म्हणून आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही कडा पाहाव्या लागतात. पूर्वी ही वजने शिशाची असत. शिसे विषारी असल्यामुळे आता लोखंडाची वा जस्ताचीही वापरतात.

नगर जिल्ह्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि पुढे जिल्हाभर कारखाने उभे राहिले. ऊस भरायला ट्रक शेतात शिरला, की काळ्या मातीचा चिखल रिमच्या आत बसतो आणि वाळून घट्ट होतो. अशा चाकाला वजने लावून काय उपयोग? आधी ते स्वच्छ धुतले पाहिजे. थरथर सुटण्याची कारणे इतरही असतात: वाकलेली रिम, किंवा वेडेवाकडे आवळलेले नट. तीही तपासावी लागतात.

दिवाळीला गावी जाताना गाडी ठरावीक वेग गाठताच थरथरू लागली आणि वेग कमी होताच शांत झाली, तर पुढच्या थांब्यावर वाहकाच्या कानावर जरूर घाला. आगारातल्या कारागिराला तेवढी खूण पुरते.