राखीव खुर्ची, मोकळी मतपेटी

फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांच्या ‘लोकल १२९१’ या संघटनेत पदे वर्णानुसार वाटलेली असत : काही गोऱ्यांची, काही कृष्णवर्णीयांची. वरवर पाहता समजूतदार तोडगा. पण अमेरिकेच्या श्रमखात्याने कोर्टात धाव घेतली आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही वाटणी बेकायदा ठरली.

आधार होता १९५९चा लँड्रम-ग्रिफिन कायदा. युनियनमधल्या दादागिरीची आणि भ्रष्टाचाराची सिनेटच्या समितीने चौकशी केली, त्यातून तो आला. नियमित सभासद असलेल्या कुणालाही निवडणूक लढवता आली पाहिजे; अटी घाला, पण वाजवी आणि सर्वांना सारख्या. ‘वाजवी’ ठरवताना सर्वोच्च न्यायालय बाद झालेली डोकी मोजते. न्यूयॉर्कच्या हॉटेल कामगारांत वरच्या पदांसाठी आधीच्या पदाची अट होती. तिने ९३ टक्के सभासद बाद होत होते. १९६८मध्ये ती अट गेली.

खरा पेच इलिनॉयच्या शिक्षक संघटनेचा. तिने कार्यकारिणीतल्या काही जागा अल्पसंख्याक वंशाच्या सभासदांसाठी राखून ठेवल्या होत्या. इथे कुणाला हाकलायचे नव्हते, आत आणायचे होते. तरीही १९८२मध्ये न्यायाधीश रिचर्ड पॉझ्नर यांच्या निकालाने त्या रद्द झाल्या. गंमत अशी, की तीनच वर्षांपूर्वी, वेबर खटल्यात, पोलाद कामगारांच्या युनियनने कंपनीशी करार करून प्रशिक्षणाच्या निम्म्या जागा कृष्णवर्णीयांना दिल्या, ते सर्वोच्च न्यायालयाला चालले होते.

राखीव वॉर्डात मतदान करणाऱ्या आपल्या वाचकाला हे विचित्र वाटेल. फरक असा, की वेबर खटल्यात प्रश्न नोकरीतल्या संधीचा होता, तर १९५९च्या कायद्याचे लक्ष मतदारावर आहे. नेता निवडायचा तो सभासदांनी. त्यांच्यासमोरची यादी युनियनच्या घटनेनेच आधी कापायची नाही. तर्क पक्का आहे. मला मात्र तो अपुरा वाटतो : दहातला एक असलेला गट खुल्या निवडणुकीत वर्षानुवर्षे हरत राहिला, तर कायदा त्याला उमेदवारी देतो, खुर्ची नाही.

दाद मागण्याची वाटही अरुंद आहे. निवडणूक झाल्यावर सभासदाला थेट कोर्टात जाता येत नाही. आधी संघटनेत तक्रार, मग श्रममंत्र्यांकडे. दावा लावायचा की नाही, ते मंत्री ठरवतात. जिंकल्यास श्रमखात्याच्या देखरेखीखाली फेरनिवडणूक होते. शिवाय ज्या संघटनेत फक्त राज्य सरकारचे आणि स्थानिक संस्थांचे कर्मचारी आहेत, तिला हा कायदा लागूच नाही. त्यामुळे सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या बऱ्याच संघटना त्याच्या कक्षेबाहेर राहतात आणि तिथल्या राखीव जागांचे भांडण वेगळ्या कायद्यांच्या आधारे लढावे लागते.